प्रोमोतोरा : आरोग्याचा निरोप घरोघरी नेणारी शेजारीण

‘प्रोमोतोरा’ हा शब्द आपल्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेला असेल. तो स्पॅनिश भाषेतील आहे. एखाद्या कार्यास चालना देणारी स्त्री, असा त्याचा सरळ अर्थ. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील लॅटिनो वस्त्यांत मात्र या शब्दाला एक विशेष अर्थ प्राप्त झाला आहे. तेथे प्रोमोतोरा म्हणजे त्याच गल्लीत राहणारी, तीच भाषा बोलणारी, शेजाऱ्यांच्या सुखदुःखाची माहिती असलेली आणि थोडे पद्धतशीर शिक्षण घेऊन आरोग्याचे ज्ञान घरोघरी पोचविणारी स्त्री. ती डॉक्टर नव्हे, परिचारिकाही नव्हे. तथापि डॉक्टरांचे औषध जेथे पोचत नाही, तेथे तिचा शब्द पोचतो. हे कसे घडते आणि तिच्या शब्दालाही कोठे मर्यादा पडतात, याचा थोडक्यात परिचय करून देण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम हे लॅटिनो लोक कोण ते पाहू. मेक्सिको, मध्य व दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन समुद्रातील क्यूबा, प्वेर्तो रिको, डोमिनिकन प्रजासत्ताक इत्यादी प्रदेशांशी ज्यांच्या कुळाचे नाते आहे, असे अमेरिकेतील रहिवासी सामान्यतः या नावाने ओळखले जातात. २०२० सालच्या शिरगणतीत त्यांची संख्या ६ कोटी २१ लाख भरली. म्हणजे त्या देशातील दर शंभर माणसांत जवळजवळ एकोणीस लॅटिनो आहेत. त्यांतील सर्वांत मोठा गट मेक्सिकन वंशाचा होय.

हे सर्व लोक अलीकडे तेथे गेले, अशी समजूत करून घेणे चुकीचे ठरेल. १८४८ साली मेक्सिको व अमेरिका यांच्यातील युद्ध संपले. त्या वेळच्या तहाने सुमारे सव्वापाच लाख चौरस मैलांचा मुलूख मेक्सिकोकडून अमेरिकेकडे गेला. त्या मुलखात पूर्वीपासून राहणारी माणसे होती तेथेच राहिली. राज्य मात्र बदलले. आम्ही सीमा ओलांडून आलो नाही, सीमाच आमच्या घरांवरून सरकली, असे त्यांचे वंशज आजही म्हणतात. राज्यांच्या सीमारेषा आणि घरची भाषा यांचा मेळ नेहमी बसतोच असे नाही, हे सीमाभागातील मराठी माणसाला वेगळे सांगावयास नकोच. पुढे १९१७ साली प्वेर्तो रिकोच्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. १९४२ ते १९६४ या काळात दोन्ही सरकारांच्या करारानुसार मेक्सिकोतून शेतमजूर मोठ्या संख्येने नेले गेले. तेव्हा लॅटिनो हा एकजिनसी समाज नाही. शेकडो वर्षांपासूनचे रहिवासी, नागरिक, मजूर आणि कालपरवा आलेली कुटुंबे या सर्वांचा तो समुदाय आहे.

या समाजाच्या आरोग्याची स्थिती मोठी विचार करण्याजोगी आहे. सर्वसाधारणपणे जेथे गरिबी अधिक, तेथे आयुर्मान कमी, असा अनुभव असतो. परंतु कीरिआकोस मार्कीडीस व जेनीन कोरेल या दोन संशोधकांनी १९८६ साली एक निराळीच गोष्ट पुढे मांडली. नैऋत्य अमेरिकेतील लॅटिनो लोक गोऱ्या लोकांपेक्षा गरीब असूनही त्यांचे मृत्युमान गोऱ्यांच्या जवळपासच होते. २०१९ साली तर लॅटिनो लोकांचे सरासरी आयुर्मान सुमारे ८२ वर्षे होते आणि गोऱ्यांचे ७९ वर्षांच्या आतबाहेर. धूम्रपानाचे कमी प्रमाण, घट्ट कुटुंबसंस्था, स्थलांतर करून येणारी माणसे मुळात धडधाकट असणे, अशी याची निरनिराळी कारणे सांगण्यात येतात.

परंतु दीर्घायुष्य आणि निरोगी आयुष्य या दोन भिन्न वस्तू आहेत. न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, शिकागो, मायामी व सॅन डिएगो या चार ठिकाणी २००८ ते २०११ या काळात सोळा हजारांहून अधिक लॅटिनो स्त्रीपुरुषांची तपासणी करण्यात आली. शंभरांपैकी सुमारे सतरा जणांना मधुमेह असल्याचे तीत आढळले. दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांत हे प्रमाण शेकडा दहा, तर मेक्सिकन वंशाच्या लोकांत शेकडा अठरा होते. याहूनही चिंतेची बाब अशी, की ज्यांना मधुमेह होता त्यांच्यापैकी दर पाचांतील दोघांना त्याचा पत्ताच नव्हता. मधुमेह हा मुका रोग आहे. तो प्रथम दुखत नाही आणि दुखू लागतो तेव्हा डोळे, मूत्रपिंडे व पायांच्या नसा यांना इजा पोचलेली असते. त्यानंतर २०२० साली कोविडची साथ आली. शेत, मांसाचे कारखाने, उपाहारगृहांची स्वयंपाकघरे, बांधकामे या ठिकाणी काम करणाऱ्यांना घरी बसून काम करण्याची सोय नव्हती, आणि घरी परतावे तर लहानशा जागेत तीन पिढ्या एकत्र राहत होत्या. २०२१ सालापर्यंत लॅटिनो लोकांचे सरासरी आयुर्मान सुमारे चार वर्षांनी घटले. पुढील वर्षी ते ८० वर्षांपर्यंत पुन्हा वर आले, पण गेलेली माणसे परत आली नाहीत.

अमेरिकेसारख्या संपन्न देशात उत्तम रुग्णालये असताना असे का व्हावे? याची कारणे अनेक आहेत. आरोग्यविमा नसलेल्यांचे प्रमाण लॅटिनो लोकांत गोऱ्यांपेक्षा पुष्कळ अधिक आहे, आणि विम्यावाचून तेथे उपचार परवडत नाहीत. रोजंदारीवरील माणसास दवाखान्यात जाणे म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडणे होय. ज्यांची वास्तव्याची कागदपत्रे अपुरी असतात, त्यांना कोणत्याही कचेरीच्या दारात जाण्याची धास्ती वाटते. आणि या सर्वांत भर घालणारे कारण म्हणजे भाषा.

एका शब्दाने केवढा अनर्थ होतो हे दाखविणारी एक घटना १९८० साली फ्लोरिडा राज्यात घडली. क्यूबन वंशाच्या एका अठरा वर्षांच्या तरुणास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणण्यात आले. काहीतरी खाण्यातून बाधा झाली असावी, या समजुतीने घरच्या मंडळींनी स्पॅनिशमधील ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. ऐकणाऱ्यांनी त्याचा अर्थ इंग्रजी ‘इन्टॉक्सिकेटेड’ या शब्दावरून लावला, म्हणजे हा मुलगा अमली पदार्थाच्या अंमलाखाली आहे असा. वस्तुतः त्याच्या मेंदूत रक्तस्राव होत होता. दोन दिवस भलत्याच दिशेने उपचार होत राहिले आणि तो तरुण हातापायांनी कायमचा पंगू झाला. पुढे नुकसानभरपाईची जी तडजोड झाली, ती सुमारे ७ कोटी १० लाख डॉलरांची होती. एक प्रशिक्षित दुभाषा बोलाविण्यास किती खर्च आला असता, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

येथे विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या घरात आईवडिलांना इंग्रजी येत नाही, तेथे शाळेत जाणारी मुलेच दवाखान्यात दुभाष्याचे काम करतात. दहा-बारा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांचे बोलणे ऐकून आपल्या आईला तिच्या असाध्य रोगाची वार्ता सांगावी, हा केवढा भार! शिवाय मूल घाबरते, काही गोष्टी लाजेने गाळते आणि न समजलेल्या शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालते. त्याचा दोष मुलाकडे जात नाही. सन २०१० च्या आरोग्यविषयक कायद्याच्या आधारे तेथील केंद्र सरकारने २०१६ साली जे नियम केले, त्यांत तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषे म्हणून वापरू नये, असे घालून दिले आहे. नियम योग्यच आहे. परंतु त्याने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. कारण दवाखान्यात पाऊल टाकण्यापूर्वी घरात जे घडते वा घडत नाही, त्यासाठी कोणता दुभाषा नेमणार?

याचे उत्तर लॅटिन अमेरिकेतील खेड्यांनी शोधले होते. मेक्सिकोच्या पश्चिमेकडील सिनालोआ प्रांतात, आहोया या डोंगरी गावाच्या परिसरात, डेव्हिड वर्नर नावाचे जीवशास्त्राचे एक अमेरिकन शिक्षक १९६० नंतरच्या दशकात गेले. तेथे डॉक्टर मिळण्यास कित्येक तासांची पायपीट करावी लागे. वर्नर यांनी गावातीलच लोकांना प्रथमोपचार, बाळंतपणातील स्वच्छता, जुलाब झालेल्या मुलास पाणी पाजण्याची रीत इत्यादी गोष्टी शिकविल्या. या अनुभवातून १९७३ साली ‘डॉक्टर नसेल तेथे’ अशा अर्थाच्या नावाचे त्यांचे स्पॅनिश पुस्तक निघाले. सोपी भाषा व पानोपानी चित्रे हे त्याचे वैशिष्ट्य. पुढे जगातील अनेक भाषांत ते गेले. याच सुमारास, १९७० साली, आपल्या महाराष्ट्रात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने खेड्यांतील अल्पशिक्षित, काही तर निरक्षर, स्त्रियांना ग्रामआरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार करण्याचे काम आरंभिले होते. पृथ्वीच्या दोन टोकांवरील अनुभव एकच सांगत होता. १९७८ साली अल्मा-आता येथे भरलेल्या जागतिक परिषदेनेही आरोग्यसेवेत स्थानिक कार्यकर्त्यांचे महत्त्व मान्य केले.

मेक्सिकोतून अमेरिकेत येणाऱ्या कुटुंबांबरोबर ही कल्पनाही सीमा ओलांडून आली. टेक्सासच्या सीमेलगत ‘कोलोनिया’ नावाच्या वस्त्या आहेत. शहराबाहेरील जमिनीचे तुकडे गरिबांना हप्त्याने विकून त्या वसल्या. विकणाऱ्यांनी ना नळ दिले, ना गटारे, ना रस्ते. अशा वस्तीत परका अधिकारी गेला तर दारे बंद होतात. प्रोमोतोरा गेली तर चहा-कॉफी पुढे येते. ती गर्भवतीस तपासणीला जाण्याची तारीख सांगते, मुलांच्या लसींची नोंद पाहते, वृद्धाचा रक्तदाब मोजते, अर्ज कसा भरावा हे समजावते आणि प्रसंगी दवाखान्यापर्यंत सोबतही करते. छायाचित्रांच्या चौकटींतून गोष्ट सांगणाऱ्या ज्या पुस्तिका मेक्सिकोत करमणुकीसाठी लोकप्रिय होत्या, त्याच धर्तीवर आरोग्याच्या पुस्तिका तयार करून ती वाटते. टेक्सास राज्याने १९९९ सालापासून या कामास कायद्याच्या चौकटीत आणण्यास आरंभ केला. २०१० साली केंद्र सरकारच्या व्यवसायांच्या अधिकृत यादीत आरोग्य कार्यकर्त्यांच्या या कामास स्वतंत्र स्थान मिळाले.

या पद्धतीचा खरोखर उपयोग होतो काय? टेक्सासमधील स्टार कौंटी या रिओ ग्रांदे नदीकाठच्या भागात याची नीट परीक्षा झाली. हा अमेरिकेतील अत्यंत गरीब भागांपैकी एक असून येथील बहुतेक सर्व वस्ती मेक्सिकन वंशाची आहे. शॅरन ब्राऊन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या २५६ रुग्णांची निवड केली. काहींना शिक्षण आधी दिले, काहींना नंतर. वर्षभरात एकूण ५२ तासांचे हे शिक्षण स्पॅनिश जाणणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या परिचारिका, आहारतज्ज्ञ व स्थानिक कार्यकर्ते यांनी दिले. रुग्णाने एकट्याने न येता घरातील एखादे माणूस किंवा स्नेही बरोबर आणावा, अशी योजना होती. आहाराचे धडे परक्या पदार्थांवरून न देता नेहमीच्या मेक्सिकन जेवणावरूनच देण्यात आले. मागील दोन-तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी दाखविणारी जी ए-वन-सी नावाची तपासणी आहे, तिचा आकडा सहा महिन्यांनंतर शिक्षण मिळालेल्या गटात दुसऱ्या गटापेक्षा १.४ ने कमी आढळला. हा फरक लहान नव्हे. तरीही त्या गटाची सरासरी १० च्या वरच राहिली होती, आणि निरोगी माणसात हा आकडा ५.७ च्या आत असतो. म्हणजे पाऊल योग्य दिशेने पडले, पण मुक्काम दूर होता. संशोधकांनी ही उणीव न लपविता नमूद केली, हे विशेष.

घरच्या अन्नावरून शिकविण्यात केवळ सोय नाही, तर आदरही आहे. मेक्सिकोतील स्त्रिया मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, मग वाटतात व त्याच्या तोर्तिया म्हणजे पातळ भाकऱ्या करतात. या क्रियेमुळे मक्यात बद्ध असलेले नायासिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळण्याजोगे होते आणि चुन्यातील कॅल्शियमही पोटात जाते. युरोपने मका उचलला, पण ही रीत उचलली नाही. सबब जेथे गरिबांचे पोट मक्यावरच चाले, तेथे पेलाग्रा हा रोग पसरला. शास्त्रास जे विसाव्या शतकात उमगले, ते त्या स्त्रियांच्या हातांना हजारो वर्षांपासून अवगत होते. म्हणून शहाणी प्रोमोतोरा आजीची भाकरी व घेवड्याची उसळ यांना नावे ठेवीत नाही. बाटलीतील गोड पेये कमी करा, चरबी बेताने वापरा, असे ती सांगते. जुने सर्वच टाकाऊ नाही आणि नवे सर्वच हितकर नाही, हा विवेक तिच्या शिकवणीत असतो.

तथापि केवळ उपदेशाने आरोग्य सुधारते असे मानणे हा भ्रम होईल. कॅलिफोर्नियातील लेट्यूस नावाच्या पालेभाजीच्या व बीटाच्या शेतांत विरळणीसाठी मजुरांना अगदी आखूड दांड्याची कुदळ देत. मजूर तिला ‘एल कोर्तीतो’, म्हणजे ‘छोटीशी’, असे म्हणत. ती वापरताना दिवसभर कंबरेत वाकून राहावे लागे; कोणी पाठ सरळ केली की ते मुकादमाला दुरूनच दिसे. कित्येकांच्या पाठीचे मणके तरुणपणीच झिजून गेले. अशा मजुरास व्यायामाचे महत्त्व सांगून काय लाभ? त्याला हवा होता लांब दांडा. मजुरांनी तक्रार केली, वकिलांनी ती चालविली, डॉक्टरांनी साक्षी दिल्या, आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात या अवजारावर बंदी आली. त्याच राज्यात २००५ च्या उन्हाळ्यात शेतमजूर उष्माघाताने दगावले, तेव्हा उघड्यावर काम करणाऱ्यांना पिण्याचे पाणी, सावली व विश्रांती देणे मालकांवर बंधनकारक करण्यात आले. असा नियम करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होय. दांड्याची लांबी आणि झाडाची सावली हेसुद्धा आरोग्यशास्त्राचेच विषय आहेत, हे यावरून ध्यानी यावे.

प्रोमोतोरा या दोन्ही बाजूंना जोडते. घरात ती पथ्य सांगते आणि घराबाहेर शेजाऱ्यांची गाऱ्हाणी दवाखान्याच्या व कचेरीच्या कानावर घालते. कोविडच्या काळात लसीविषयीच्या अफवा दूर करण्यास, लोकांची नावे नोंदविण्यास व मजुरांना लसीकरणास नेण्यास याच स्त्रिया पुढे झाल्या. असे असूनही पुष्कळ ठिकाणी त्यांचे वेतन अल्प असते आणि तेही मुदतीच्या अनुदानावर अवलंबून राहते. अनुदान संपले की काम थांबते, आणि वर्षानुवर्षे जोडलेला विश्वास वाऱ्यावर सुटतो. सेवाभाव ही थोर वस्तू खरी. पण ज्या कामाने रुग्णालयांचा मोठा खर्च वाचतो, त्या कामाचा मोबदला सेवाभावाच्या नावाखाली टाळणे न्याय्य म्हणता येणार नाही. हा प्रश्न तेथे अजून पूर्णतः सुटलेला नाही.

विद्यार्थी मित्रहो, घरी एक भाषा आणि कचेरीत दुसरी, अशा परिस्थितीत आपल्यापैकीही अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यामुळे दूरदेशीच्या या हकिकतीतून आपणास उचलण्याजोगे पुष्कळ आहे. आजी-आजोबांबरोबर दवाखान्यात जाण्याचा योग आला, तर त्यांच्या दुखण्याचे वर्णन त्यांच्याच शब्दांत आधी कागदावर उतरवून घ्यावे. अर्थ ठाऊक नसलेल्या शब्दाचा अंदाजाने अनुवाद करू नये. कळले नाही, पुन्हा सांगा, असे डॉक्टरांना निःसंकोचपणे म्हणावे. औषध केव्हा, किती व जेवणापूर्वी की नंतर, हे घरच्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावावे. आणि आपल्या गल्लीत आशा कार्यकर्ती किंवा परिचारिका येते, तेव्हा तिला बसावयास पाट द्यावा व तिचे म्हणणे घरातील सर्वांना ऐकू जाईल असे पाहावे. या गोष्टींस पैसा लागत नाही. लागते ती आपुलकी आणि थोडी दक्षता, आणि या दोहोंची उणीव आपल्या घरांत नाही.